प्रतीक्षेला मराठी चाल देणारा कवी

नोव्हेंबर सरत आला की वऱ्हाडात कापूस वेचणीचा हंगाम ऐन भरात असतो. त्याच सुमारास ख्रिस्ती पंचांगातील नवे वर्ष सुरू होते. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा हा काळ आगमनकाळ म्हणून ओळखला जातो. येशूच्या जन्माची आणि त्याच्या पुनरागमनाची वाट पाहण्याचा हा काळ. बुलढाणा जिल्ह्यात ख्रिस्ती समाजाची संख्या फार थोडी असली, तरी त्याचा इतिहास जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकी मिशनने वऱ्हाड आणि खानदेशात काम सुरू केले. खामगाव, मलकापूर आणि बुलढाणा ही त्याची ठाणी होती. या मंडळ्यांची उपासना मराठीत आणि गाणेही मराठीत. मराठी ख्रिस्ती उपासनेतील या गाण्याला आज जे रूप आहे, ते घडविण्यात सर्वांत मोठा वाटा एका कोकणस्थ ब्राह्मण कवीचा आहे. त्यांचे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक.

मराठी शाळांतून शिकलेल्या पिढ्यांना टिळक ठाऊक आहेत ते फुलामुलांचे कवी म्हणून. पाठ्यपुस्तकांतील त्यांच्या कवितांवर कित्येकांचे बालपण पोसले गेले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे ते आणखी एका रूपात घरोघरी पोहोचले: लहरी, शीघ्रकोपी, उदार आणि संसाराला सर्वथा निरुपयोगी असा नवरा! या दोन्ही प्रतिमांच्या मागे त्यांचे तिसरे काम झाकले गेले. प्रॉटेस्टंट मराठी मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात सर्वाधिक रचना टिळकांच्या आहेत. चर्चबाहेरच्या रसिकांनी ही गीते वाचली नाहीत आणि चर्चमधल्या गायकांना ती गाताना कवीची आठवण राहिली नाही. एवढ्या लोकांच्या ओठांवर असलेला कवी असा दोन्हीकडून अपरिचित राहावा, ही मराठी साहित्यव्यवहारातील एक चमत्कारिक गोष्ट म्हटली पाहिजे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. योगायोग असा, की त्या वर्षी हा दिवस आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात आला होता. अर्थात करजगावच्या त्या सनातनी घरात हे कोणाच्या गावी असण्याचे कारण नव्हते. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने अत्यंत तापट. आई जानकीबाई भाविक, काव्याची आवड असलेली. मुलाच्या कानावर पहिले अभंग आणि ओव्या पडल्या त्या आईच्या तोंडून. ही आई लवकर गेली. तिच्या मृत्यूनंतर पोरवयातच नारायणाने घर सोडले आणि नाशिक गाठले. तेथे वेदशास्त्रसंपन्न गणेशशास्त्री लेले यांच्या हाताखाली त्याचे संस्कृतचे शिक्षण झाले. इंग्रजी शाळेतही तो गेला, परंतु मॅट्रिकची पायरी ओलांडण्यापूर्वीच शिक्षण सुटले.

१८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका या मुलीशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक. वधूचे वय त्या वेळी अकरा-बारा वर्षांचे होते. लग्नानंतरची कित्येक वर्षे टिळकांनी भटकंतीत घालविली. कोठे शिक्षकाची नोकरी, कोठे पुराण, कोठे कीर्तन, मध्येच सारे सोडून तीर्थयात्रा. या भटकंतीचा संसाराला फार जाच झाला. तथापि कवी म्हणून त्यांच्या पदरी त्यातून एक ठेव पडली. समोर बसलेल्या अशिक्षित श्रोत्याला शब्द कसा ऐकवावा, कोणत्या चालीवर तो चटकन मान डोलावतो, ध्रुपद कधी उचलून धरावे, हे कीर्तनकाराला जेवढे कळते तेवढे लेखणीच्या कवीला क्वचितच कळते.

नागपूरच्या आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांचे काही काळ बरे गेले. बुटींच्या ग्रंथसंग्रहात वैदिक वाङ्मयाचा अभ्यास झाला आणि ‘ऋषि’ नावाचे मासिकही त्यांनी चालविले. नाशिक आणि नागपूर यांना जोडणारा लोहमार्ग तेव्हाही मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असाच होता. या दोन शहरांमध्ये ज्याच्या आयुष्याची विभागणी झाली, त्याच्या वाटेवर बुलढाणा जिल्ह्याचा हा पट्टा येणे अपरिहार्यच होते.

टिळकांच्या जीवनाला वळण मिळाले तेही रेल्वेच्या डब्यात. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी जात असताना एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचे काव्य आणि धर्म या विषयांवर बोलणे झाले. त्या गृहस्थाने त्यांना बायबलची प्रत दिली आणि ती वाचून काढण्याचे वचन घेतले. हा सहप्रवासी म्हणजे फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड असावेत, असे अभ्यासकांनी म्हटले आहे. हे मिशन बऱ्हाणपूर आणि वऱ्हाड भागात काम करीत असे. टिळक वाचीत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडले. समाजाची फेरउभारणी कोणत्या धर्मतत्त्वावर व्हावी, या प्रश्नाने ते आधीपासून पछाडलेले होते. त्याचे उत्तर आपल्याला येथे मिळाले, असे त्यांना वाटू लागले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता हिंदी पाळकाच्या हातून घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढील पंचवीस वर्षांचे त्यांचे सारे धोरण या एका आग्रहात दिसते.

या निर्णयाची किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या स्त्रीच्या वाट्याला नवरा जिवंत असताना एक प्रकारचे वैधव्य आले. पंढरपूर, जलालपूर, नाशिक असे त्यांचे दिवस गेले. सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या. आल्या तरी स्वयंपाकघर वेगळे, पाणी वेगळे. पुढे त्यांच्या मनातले जातिभेदाचे जाळे त्यांच्याच विचाराने तुटले आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या गाण्यांत वाट पाहण्याची, भेटीच्या ओढीची जी भावना वारंवार येते, तिच्यामागे संतकाव्याचे संस्कार आहेत हे खरेच. परंतु ही पाच वर्षेही विसरता येत नाहीत.

टिळक अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) स्थायिक झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या तेथील धर्मशिक्षणसंस्थेत ते शिकवू लागले आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्या वेळी नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत काय गायिले जात होते, हे पाहिल्याशिवाय टिळकांच्या कामाचे मोल ध्यानात येणार नाही.

मिशनऱ्यांनी मराठीत गीते रचण्यास टिळकांच्या जन्मापूर्वीच प्रारंभ केला होता. नगरचे रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन यांनी इंग्रजी स्तोत्रांची मराठी रूपांतरे केली. ती श्रद्धेने केलेली होती आणि अनेक वर्षे गायिली गेली. अडचण होती ती छंदाची. इंग्रजी स्तोत्राची सर्वांत रुळलेली चाल आठ आणि सहा अवयवांच्या आलटून-पालटून येणाऱ्या ओळींची. तिच्यात जोर येतो तो ठरावीक अवयवावरच्या आघाताने. मराठीत आघाताला तसे स्थान नाही. येथे कारभार आहे तो लघु-गुरूचा, ऱ्हस्व-दीर्घाचा. अक्षरे मोजून ओळ बसविली तरी गाताना चालीचा लांब स्वर नेमका ऱ्हस्व अक्षरावर येई आणि दीर्घ अक्षराला घाईने गिळावे लागे. शब्द कानाला ओळखू येईनासा होई. शिवाय ही गाणी चार आवाजांत, म्हणजे स्त्रियांचा उंच आणि खालचा, पुरुषांचा उंच आणि खर्ज अशा पट्ट्यांत, एकाच वेळी निरनिराळे स्वर धरून गाण्यासाठी रचलेली. एका स्वररेषेवर चालणाऱ्या आपल्या गायकीत वाढलेल्या कानाला त्यातला गोडवा कळायला शिक्षण हवे. ज्या मंडळीत पुस्तक वाचता येणारे मोजकेच, तेथे स्वरलिपी वाचणारे कोठून आणणार?

देशी वाट अगदीच अनोळखी होती असे नाही. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचून ती गोव्यात दाखविली होती. नगरमध्येच कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पाडला होता आणि मराठी चालींवर पदेही रचली होती. टिळक या परंपरेचे ऋणी आहेत. तरीही फरक होता. टिळक धर्माने ख्रिस्ती झाले तेव्हा मराठी कवी म्हणून आधीच घडलेले होते. केशवसुतांचे ते समकालीन. संस्कृत वृत्ते, मोरोपंतांची आर्या, साकी, दिंडी, कीर्तनातील पदे आणि सर्वांवर कडी म्हणजे तुकोबांचा अभंग, हे सारे त्यांच्या हाताखालचे होते. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकारामाच्या पुलावरून, अशी त्यांची धारणा होती. हा पूल ओलांडल्यानंतर तो मोडून टाकावा असे त्यांना कधी वाटले नाही.

अभंगाची बांधणी या कामाला जणू बेतलेलीच होती. मोठ्या अभंगाचे तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. लघु-गुरूचा काच नाही. लहान अभंग तर आठ-आठ अक्षरांत आटोपतो. अक्षर ऱ्हस्व असो की दीर्घ, भजनी ठेक्यात ते आपोआप सामावले जाते. एकाने ओळ सांगावी, सर्वांनी ती झेलावी. दोन-तीन आवर्तनांत निरक्षर माणसालाही पाठ होते. आणि ही पद्धत मंडळीतल्या लोकांना शिकवावी लागत नव्हती. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, आणि त्याच्या आगेमागे मिशनच्या छायेत आलेली बहुतेक कुटुंबे महार-मांग समाजातील होती. त्यांच्या घरांतून भजन पिढ्यान् पिढ्या चालत आले होते. टाळ, मृदंग आणि एकतारी त्यांच्या परिचयाची होती. मिशनमध्ये आल्यावर पुष्कळांना ती दाराबाहेर ठेवावी लागली. टिळकांनी ती आत आणली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पेटीचे प्रकरण यात मोठे मौजेचे आहे. मंडळ्यांतून पाश्चात्य ऑर्गनच्या जागी हार्मोनियम आली, ती देशी वाद्य म्हणून. प्रत्यक्षात हार्मोनियमचा जन्म पॅरिसचा. अलेक्झांडर दबां याने १८४२ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. मांडी घालून एका हाताने भाता मारीत वाजविण्याचे तिचे रूप मात्र हिंदुस्थानात घडले आणि संगीत नाटकाने व कीर्तनाने तिला असे आपलेसे केले, की ती परकी होती हे कोणाला आठवेना. टिळकांना ख्रिस्ती धर्माविषयी हेच साधायचे होते.

टिळकांचे अभंग वाचताना मराठी वाचकाला चकित करते ती त्यांतील सलगी. ख्रिस्त येथे सिंहासनावरचा राजा म्हणून क्वचितच येतो. तो माउली म्हणून येतो, गुरू म्हणून येतो, सखा म्हणून येतो. विठ्ठलाला आई म्हणून हाक मारणाऱ्या भाषेत वाढलेल्या कवीने ख्रिस्तालाही त्याच नात्याने बोलाविले. आगमनकाळाच्या दृष्टीने याला मोठा अर्थ आहे. पाश्चात्य चर्चमधील आगमनगीतांत राजाच्या स्वागताचा, दरवाजे उघडण्याचा, तुतारीचा सूर ठळक असतो. मराठी भक्तिकाव्याने प्रतीक्षेची निराळीच भाषा सिद्ध केली आहे: सासुरवाशिणीने माहेरच्या माणसाची पाहावी तशी वाट, वासराने गाईची पाहावी तशी वाट, वारकऱ्याने आषाढीची पाहावी तशी वाट. ज्या जिल्ह्यातील शेगावहून गजानन महाराजांची पालखी दर वर्षी पायी पंढरपूरला जाते, तेथील लोकांना ही भाषा समजावून सांगावी लागत नाही.

टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते, त्याच्या काँग्रिगेशनल परंपरेत आगमनकाळ काटेकोरपणे पाळण्याची रीत नव्हती. ती होती अँग्लिकन, लुथरन आणि रोमन कॅथलिक मंडळ्यांत. म्हणून टिळकांनी चार रविवारांसाठी बेतून गीतमाला रचली, असे समजण्याचे कारण नाही. त्यांनी दिली ती भाषा आणि चाल. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अँग्लिकन आणि काँग्रिगेशनल या दोन्ही धारा एका छत्राखाली आल्या. तो रविवार आगमनकाळाचा पहिला रविवार होता. एकीकडची पंचांगाची शिस्त आणि दुसरीकडची टिळकांची पदे यांची गाठ पडण्यास यापेक्षा समर्पक दिवस सापडला नसता. अलायन्सच्या वऱ्हाडातील मंडळ्या या ऐक्यात सामील नव्हत्या. मराठी भजनाचा वारसा मात्र पंथांच्या सीमा जुमानीत नाही.

लोकभाषेत आणि लोकांच्या चालीत गाणे बसविण्याचा हा खटाटोप युरोपातही होऊन गेला होता. चौथ्या शतकातील बिशप ॲम्ब्रोज यांचे लॅटिन आगमनगीत मार्टिन लूथर यांनी १५२४ मध्ये जर्मन भाषेत आणले, ते सामान्य माणसाला गाता यावे म्हणून. त्या गीताच्या आधारे बाखने १७१४ मध्ये आपला प्रसिद्ध कॅन्टाटा रचला. आगमनकाळात चार मेणबत्त्या लावलेले जे हिरवे चक्र आता आपल्याकडील चर्चमध्येही दिसते, तेही जर्मनीतलेच. हॅम्बुर्गच्या योहान विखर्न यांनी १८३९ मध्ये आपल्या आश्रमातील मुलांना नाताळापर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसविल्या होत्या. आज प्राचीन वाटणाऱ्या रीतीही कधीतरी कोणीतरी आपल्या माणसांची गरज ओळखून सुरू केलेल्या असतात. टिळकांवर मात्र त्यांच्या काळात हिंदू चाली चर्चमध्ये आणल्याचा आक्षेप घेणारे लोक होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी काहींना तर टाळ-मृदंगाची लाज वाटे. जुने जीवन मागे टाकले याची खूण म्हणून त्यांना साहेबी चालच हवी असे. त्यांची ही भावना समजण्याजोगी होती. ज्या गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवले, त्या गावाचे गाणे त्यांना प्रिय का असावे? टिळकांचे उच्चवर्णीय मन या प्रश्नाच्या तळाशी पूर्णपणे पोहोचले होते की नाही, याविषयी शंका घेता येते.

त्यांच्या साऱ्याच गीतांना एका मापाने मोजणेही योग्य होणार नाही. टिळक झपाट्याने लिहीत. निमित्त घडले की कविता होई. मंडळीच्या गरजेपोटी लिहिलेल्या रचनांत काही केवळ उपदेशाच्या आहेत आणि काही यमकासाठी ओढून आणलेल्या. परंतु जेथे अभंग स्वतःच्या अंतरंगातून आला आहे तेथे तो संतांच्या मांडीला मांडी लावून बसतो. ‘अभंगांजली’तील रचना याची साक्ष देतात.

या काळात नगरचे टिळकांचे घर म्हणजे एक धर्मशाळाच होती. अनाथ मुले, विद्यार्थी, कवी, आजारी माणसे, कोणीही यावे आणि राहावे. जळगावला १९०७ मध्ये भरलेल्या पहिल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या कवितेने सर्वांना मोहित केले आणि तो बालकवी झाला. टिळक दांपत्याने या मुलाला पुढे आपल्या घरी ठेवून घेतले. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी विभागाचे संपादनही टिळकांकडे होते. १९०९ मध्ये त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य ओवीत रचण्यास घेतले. आपल्या लोकांना रामायणासारखे, मांडी घालून ऐकता येईल असे ख्रिस्तचरित्र द्यावे, ही त्यामागची आकांक्षा.

जसजसे वय वाढले तसतशी टिळकांची मिशनच्या चौकटीत घुसमट होऊ लागली. मिशनऱ्यांशी त्यांचे वैयक्तिक स्नेहसंबंध होते, पण परदेशी पैशावर आणि परदेशी देखरेखीखाली चालणारा धर्म या मातीत रुजणार नाही, असे त्यांचे मत झाले होते. गाण्याची चाल देशी करून भागत नाही, तर राहणी, संस्था, पुढारीपण सगळेच देशी झाले पाहिजे, हा त्यांच्या विचाराचा पुढचा टप्पा होता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरविले आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसमाज काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना या दरबारात जागा होती. चर्चच्या दृष्टीने हे धाडसच होते. सातारा हे त्यांनी आपल्या नव्या कार्याचे ठिकाण केले. साठीही न गाठलेला, प्रकृतीने खंगलेला हा माणूस नोकरी, वेतन आणि घर सोडून पुन्हा एकदा वाटेला लागला. तरुणपणी घर सोडताना त्याने मागच्यांचा विचार केला नव्हता; या वेळी लक्ष्मीबाई समजून-उमजून त्याच्या बरोबर होत्या.

दरबाराला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. प्रकृती बिघडल्याने टिळकांना मुंबईला आणण्यात आले. ९ मे १९१९ रोजी तेथे त्यांचे निधन झाले. आपल्या देहाचे दफन न करता दहन करावे, ही त्यांची इच्छा होती. ख्रिस्ती पाळकाची ही इच्छा त्या काळात पुष्कळांना खटकणारी होती. पण ती पाळली गेली. रक्षा नगरला नेण्यात आली. त्यांच्यामागे त्यांचा दरबार टिकला नाही. गाणी टिकली.

‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या दहा-अकरा अध्यायांपाशी थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. जेमतेम अक्षरओळख असलेल्या आणि नवऱ्याच्या धर्मांतराने एके काळी उद्ध्वस्त झालेल्या या स्त्रीने त्याच धर्माच्या संस्थापकाचे चरित्र साठहून अधिक अध्यायांत ओवीबद्ध केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. पूर्ण झालेले ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये छापून निघाले, तेव्हा दोघांपैकी कोणीही ते पाहायला नव्हते.

टिळकांनी ज्यासाठी झगडा केला तो प्रश्न मिटलेला नाही, फक्त त्याची वाद्ये बदलली. रोमन कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लॅटिनच्या जागी मराठी मिस्सेला वाट मोकळी झाली. वसईपासून विदर्भापर्यंत मराठी गायकवृंद त्यानंतर उभे राहिले. आता अनेक मंडळ्यांत कीबोर्ड, गिटार आणि ऑक्टोपॅड आले आहेत. हिंदी आणि इंग्रजी स्तुतिगीतांची चलती आहे. नाताळच्या कॅरलसाठी चार आवाजांची तालीम करणारे तरुण गायकवृंदही आहेत आणि त्यांचे गाणे ऐकण्याजोगे असते. कीबोर्डवर एका बोटाने तानपुऱ्याचा षड्ज धरून त्यावर टिळकांचा अभंग गाता येतो आणि त्याच अभंगाखाली खर्जाची दुसरी रेषा घालून तो चार आवाजांतही बसविता येतो. मात्र शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळण्याची काळजी चाल बसविणाऱ्याने घ्यायला हवी. ती घेतली नाही, तर बॅलंटाइन साहेबांच्या काळातली अडचण पुन्हा उभी राहते.

टिळकांच्या गाण्यांचा प्रवास महाराष्ट्रापुरता राहिला नाही. नगर जिल्ह्यात काम केलेले अँग्लिकन मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले आणि त्यांच्या काही रचना इंग्रजीत आणल्या. स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकल हे मराठी संतकाव्याचे जाणकार. त्यांनी केलेला टिळकांच्या एका गीताचा इंग्रजी अनुवाद ब्रिटनमधील स्तोत्रसंग्रहांत समाविष्ट झाला आणि तेथील मंडळ्यांत गायिला जाऊ लागला. त्या अनुवादाची ओळ आठ आणि सहा अवयवांची आहे.